चीफची गाडी आणि चाचींचं नाक

माझे घरमालक गाडी चालवायचे कमी आणि तिच्यापाशी उभे राहायचे जास्त. त्याला दुरुस्ती म्हटलेलं त्यांना खपत नसे. "दुरुस्ती बिघडलेल्या वस्तूची करतात," ते म्हणायचे. "मी हिचं मिश्रण जुळवतोय." मी त्या घरात राहिले ती सगळी वर्षं ते मिश्रण जुळवत होते.

व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनिअर होऊन ते निवृत्त झालेले. रत्नागिरीच्या राजिवड्यात त्यांना सगळे चीफच म्हणत, मशिदीतले त्यांच्याहून म्हातारे लोकसुद्धा. मी टेलिफोन खात्यात होते. अठ्ठ्याण्णव साली साताऱ्याहून माझी रत्नागिरीला बदली झाली. तिशीतल्या एकट्या बाईला खोली द्यायला दोन-तीन ठिकाणी लोकांनी आढेवेढे घेतले होते. चीफनी मला एकच प्रश्न विचारला.

"रात्रपाळी असते?"

"कधीकधी असते," मी भीत भीत म्हटलं. आता हेही नाही म्हणणार, असं मला वाटलं.

"म्हणजे वॉच ठेवायची सवय आहे. या राहायला."

घर जांभ्या दगडाचं, चढावर बांधलेलं. वरच्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या, खाली चीफ आणि त्यांची बायको. तिला आळीत चाची म्हणत, म्हणून मीही चाचीच म्हणू लागले. मुलगा आणि सून आखातात. घराच्या पुढच्या बाजूला पडवीसारखी शेड होती आणि तिच्यात जहाजाच्या जाड ताडपत्रीखाली गाडी.

चीफ घर चालवायचे ते जहाजासारखं. स्वयंपाकघराला गॅली म्हणायचे. भिंतीवर हवेचा दाब दाखवणारं पितळी यंत्र होतं. सकाळी उठून त्याच्या काचेवर बोटानं टिचकी मारल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत. माणसांनाही त्यांनी जहाजावरचे हुद्दे दिलेले. मला पहिल्यांदा 'ज्युनियर' म्हणायचे. जिन्यावरचा उडालेला फ्यूज मी न सांगता बदलला तेव्हा 'फोर्थ' झाले. पुढं 'थर्ड'वर बढती मिळाली, ती गाडीमुळं. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. चाचींना मात्र त्यांनी कोणताही हुद्दा दिलेला नव्हता.

गाडी साठीच्या दशकातली इंग्रजी बनावटीची, फिकट निळी, दोनच माणसांची आणि इतकी बसकी की तिच्यातून बाहेर पडताना चीफना आधी एक हात जमिनीवर टेकावा लागे. आखातातल्या एका बंदरात एक इंग्रज पायलट होता, जहाजं धक्क्याला लावणारा. तो कायमचा मायदेशी जाताना ही गाडी चीफना देऊन गेला. तिच्यात पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर नव्हता, हे चीफ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडं बघत थांबायचे. समोरच्याला त्यात काही वाटलं नाही की खट्टू व्हायचे.

मला त्यांनी ते एकदा नीट समजावलं. डिकीतला एक पंप पेट्रोल जोरात दाबून पुढं पाठवतो. पुढं एक यंत्र सहाही सिलिंडरना ते मोजून देतं, प्रत्येकाला आपापली पिचकारी. किती मोठी पिचकारी मारायची हे एका स्प्रिंगवर ठरतं. आत विजेचा मेंदू वगैरे काही नाही, सगळं लोखंड आणि पितळ.

"पण हवा रोज वेगळी असते," ते म्हणाले. "मे महिन्यातली वेगळी, पावसातली वेगळी. यंत्राला ते कळत नाही. ते आपलं ठरलेलं माप ओतत राहतं. म्हणून कुणीतरी मध्ये उभं राहावं लागतं."

पेट्रोल जास्त झालं तर प्लग काजळीनं काळे पडतात. कमी झालं तर प्लग पांढरे पडतात, इंजिन आतून तापतं आणि एखाद्या दिवशी पिस्टनला भोक पडतं. "भोकापेक्षा काळं बरं," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते कुठंही म्हणायचे. शेजारच्या मुलीच्या लग्नात जेवण उरलं तेव्हाही म्हणाले, भोकापेक्षा काळं बरं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आले की ते इस्त्रीचा पांढरा बॉयलरसूट चढवायचे, किनाऱ्यानं आरे गावापर्यंत गाडी नेऊन आणायचे आणि इंजिन बंद करून सहाही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायचे. बिस्किटासारखा रंग यायला हवा. मग गाडी पुन्हा चालू करायची, मागं जाऊन धुराच्या नळीपाशी वाकायचं, डोळे मिटून हुंगायचं, पुढं येऊन मिश्रणाचा नट अर्धा आटा फिरवायचा, पुन्हा मागं. प्लग आठवड्याचं सांगतात आणि धूर आत्ताचं सांगतो, असं त्यांचं म्हणणं. एका शुक्रवारी मी सहज म्हटलं, "तिसरा जरा पांढरट वाटतोय." चीफनी चष्मा पुसून पाहिलं. त्या क्षणी मी थर्ड झाले.

थर्डचं दुसरं काम मला कुणी सांगितलं नव्हतं. चीफ आणि चाची एकमेकांशी बोलत नसत. भांडत नसत, तोंड फिरवत नसत, एकाच टेबलावर जेवत. फक्त बोलत नसत. मी खाली जेवायला असले की सगळं माझ्यामार्फत चाले.

"थर्ड, आत सांग, भात लागलाय."

आत म्हणजे हाताच्या अंतरावर. चाची ताटलीतला मासा निवडत म्हणायच्या, "सांग गो त्यांना, भात नाही लागला. त्यांच्याच कपड्यांना धुराचा वास येतोय."

मी दोघांकडं बघायचे. त्यांनी ऐकलेलं असायचंच. तरी मी काहीतरी पुटपुटायचे, कारण त्याशिवाय चीफ पुढचा घास घेत नसत. नळाची पट्टी, मुलाचा फोन, ईदची खरेदी, सगळं असंच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आठ तास जोडण्या देऊन यायचं आणि घरी पुन्हा तेच.

यामागचं कारण आळीत तीन प्रकारे सांगत. कुणी म्हणे, निवृत्त होऊन आल्यावर चीफनी चाचींच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर घातले. कुणी म्हणे, चाचींचे वडील गेले तेव्हा चीफ जहाजावर होते आणि त्यांनी तारसुद्धा केली नाही. तिसरं कारण सगळ्यात सोपं होतं. आयुष्यभर वर्षातून महिनाभरच भेट, बोलायची सवयच लागली नाही. मी कुणालाच विचारलं नाही. भाडेकरूनं विचारायची ती गोष्ट नव्हती.

एका पावसाळ्यात चीफना थंडीतापानं गाठलं. पंधरवडाभर अंथरुणात होते. उठले तेव्हा बारीक झालेले, पण पहिल्याच शुक्रवारी बॉयलरसूट घालून हजर. त्याच सुमारास पंपांवर शिसं नसलेलं नवं पेट्रोल येऊ लागलं होतं. चीफ धुराच्या नळीपाशी वाकले, बराच वेळ वाकून राहिले आणि उठून म्हणाले, "हे नवं पेट्रोल. याच्यात दमच नाही."

त्यानंतर जे काही व्हायचं ते नव्या पेट्रोलमुळं. प्लग एका शुक्रवारी काळेकुट्ट निघायचे, पुढच्या शुक्रवारी खडूसारखे. चीफ नट फिरवायचे, मागं जायचे, हुंगायचे, पुढं यायचे. पूर्वी एक तासात संपणारं काम संध्याकाळपर्यंत चालू लागलं. आरेहून येताना इंजिन फटफट आवाज करायचं आणि पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या पिटायची. चीफ त्यांच्याकडं बघत नसत.

जेवणाच्या टेबलावर मात्र शांतता झाली. भात लागल्याचा निरोप येईना. आमटी खारट झाल्याचाही येईना. मला वाटलं, आजारपणानं माणूस निवळला.

मग तो शुक्रवार आला. मी सकाळपाळी करून, बाजारातून भाजी घेऊन फाटकातून आत शिरले. चीफ गाडीत बसलेले, दार उघडं, किल्ली लावलेली. तेवढ्यात चाची स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मी त्यांना कधी त्या शेडमध्ये पाय ठेवताना पाहिलं नव्हतं. हाताला कोपरापर्यंत तांदळाचं पीठ. भरभर चालत त्या गाडीपाशी गेल्या, चीफच्या पुढ्यातून हात घातला, किल्ली काढली आणि आल्या तशा आत निघून गेल्या.

चीफच्या पांढऱ्या सूटवर पिठाच्या पाच बोटांचा ठसा उमटला होता.

"थर्ड!" ते ओरडले. "विचार आत, हा काय प्रकार आहे!"

मी आत गेले. चाची भाकरी थापायला बसल्या होत्या. किल्ली त्यांच्या कमरेला खोचलेली.

"त्यांना सांग, खाली बघा," त्या म्हणाल्या. भाकरीची कड फाटली, त्यांनी ती पुन्हा सांधली.

मी शेडमध्ये आले आणि मग मलाही जाणवलं. डोळ्यांना झोंबेल इतका पेट्रोलचा वास होता. गाडीच्या पोटाखालची जमीन ओली झालेली. पंपाकडून येणारी नळी जोडावर सुटली होती. किल्ली फिरवली असती तर पंप चालू होऊन फवारा उडाला असता आणि शेजारीच इंजिनाची ठिणगी.

"चीफ, पेट्रोल गळतंय," मी म्हटलं. "उतरा आधी. तुम्हाला वास नाही आला?"

"नवं पेट्रोल," ते म्हणाले. "त्याला वास नसतो."

"मला इथंपर्यंत येतोय. चाचींना चुलीपाशी आला."

ते हात टेकून उतरले. खाली बसून ओल्या जमिनीला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. माझ्याकडं पाहिलं. पुन्हा नाकाशी नेलं. मग उठून घरात गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. अत्तराची कुपी, डांबराच्या गोळ्या, नंतर गॅलीतल्या फळीवरचा सुकटीचा डबा. एकेक उघडून ते तोंड आत घालत होते. चाची त्यांच्याकडं पाठ करून भाकऱ्या भाजत राहिल्या. ते बाहेर येऊन पायरीवर बसले.

"कुणाला बोलू नकोस," ते मला म्हणाले.

"चाचींना ठाऊक आहे, असं वाटतं."

"तिला कसं ठाऊक?"

हा निरोप मी पोचवला. चाची म्हणाल्या, "पावसाळ्यापासून ठाऊक आहे. मुद्दाम एकदा आंबलेली आमटी वाढली. जेवले बिचारे मुकाट. चाळीस वर्षं माझ्या जेवणाला नावं ठेवणारा माणूस गप्प झाला, मला कळणार नाही?"

बिचारे हा शब्द मी पोचवला नाही.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तापात वासाची नस गेली, कधीकधी परत येते, कधी नाही. चीफची नाही आली. नळीचा जोड त्यांनी एका दिवसात बदलला. किल्ली मात्र चाचींच्या कमरेलाच राहिली आणि ती मागायचा निरोप चीफ देईनात. ताडपत्री गाडीवर पडून राहिली. चीफ सकाळी पितळी यंत्राला टिचकी मारायचे, आकडा वाचायचे आणि त्या आकड्याचं करायचं काय, हे न कळल्यासारखे तिथंच उभे राहायचे. शुक्रवारी बॉयलरसूट चढवून नुसते पायरीवर बसायचे. त्यांच्याकडं बघवत नसे.

मी हुंगून बघते, असं एकदा मीच म्हटलं. चाचींनी माझ्या हाती किल्ली दिली, वर "गळत नाही ना, आधी बघ" म्हणाल्या. चीफनी गाडी चालू केली, मी मागं वाकले. मला सगळा धूर सारखाच. आधी जास्त म्हटलं, मग कमी म्हटलं, मग डोकं दुखायला लागलं.

"राहू दे," चीफ म्हणाले. "हे शिकवून येत नाही."

"चाचींना विचारू?"

"ती यायची नाही."

मी तरी विचारायला गेले. चाचींनी ऐकून घेतलं, हात धुतले, पदर नीट केला आणि आल्या. गाडीच्या मागं दोन पावलांवर उभ्या राहिल्या. वाकल्या नाहीत, डोळे मिटले नाहीत. नुसतं तोंड थोडं वळवलं.

"सांग त्यांना, कच्चं आहे."

मी पुढं जाऊन सांगितलं, "कच्चं आहे."

"कच्चं म्हणजे?"

मी मागं गेले. चाची म्हणाल्या, "फोडणी बसायच्या आधी तेल कसं लागतं नाकाला? तसं."

पेट्रोल जास्त. चीफनी नट फिरवला. आता चाचींच्या नाकाला कोरडं, करपल्यासारखं लागलं. चीफनी नट किंचित मागं घेतला. मी पुढं, मागं, पुढं, मागं. शेवटी चाची म्हणाल्या, "झालं," आणि वळून आत निघून गेल्या. चीफ आरेला जाऊन आले, प्लग काढले. सहाच्या सहा बिस्किटी.

"आत सांग," ते म्हणाले, आणि पुढं काय सांगायचं ते त्यांना सुचेना. "आत सांग, प्लग चांगले आहेत."

असे बरेच शुक्रवार गेले. धावपळ माझी होत होती. इंजिनाच्या आवाजात पुढचं मागं ऐकू जायचं नाही, त्यामुळं मला दोन्हीकडं ओरडून सांगावं लागे. एका शुक्रवारी एक्स्चेंजमध्ये केबलचा बिघाड झाला आणि मला यायला उशीर झाला. चढ चढताना गाडीचा आवाज ऐकू आला. मला वाटलं, चीफ एकटेच काहीतरी करताहेत. फाटकापाशी पोचले तर चाचींचा आवाज.

"अजून कच्चं! ऐकू येत नाही का?"

"किती कच्चं?" चीफ बॉनेटखालून ओरडले.

"चिमूटभर!"

"चिमूटभर म्हणजे किती? अर्धा आटा?"

"मला काय ठाऊक तुमचा आटा! थोडं कमी करा म्हणतेय ना!"

मी फाटकाबाहेरच थांबले. त्यांचं एकमेकांशी पहिलं वाक्य कोणतं झालं, ते कुणी म्हटलं, हे मला कधीच कळलं नाही. मी आत गेले तेव्हा दोघांनी माझ्याकडं पाहिलं, जणू मी भलत्या वेळी आलेली पाहुणी.

"थर्ड, तू वर जाऊन आराम कर," चीफ म्हणाले. "तुझं साइन-ऑफ, ड्यूटी संपली."

पुढं ते फार बोलत असं नाही. पण भात लागल्याचं चीफ थेट सांगू लागले. वास कळत नव्हताच, अंदाजानं म्हणायचे. चाची थेट उत्तर द्यायच्या. मला जेवणात जरा स्वस्थता मिळाली.

चाचींचं माहेर केळशी. दरवर्षी एकदा त्या एसटीनं जायच्या, दापोलीला गाडी बदलून, दोन पिशव्या सांभाळत. त्या वर्षी चीफ जेवताना ताटाकडं बघत म्हणाले, "केळशीला जायचं असेल तर गाडी आहे."

"तापली की उभी राहते, असं ऐकलंय."

"राहते कधीकधी. पंप गरम होतो."

"मग डबा जास्तीचा घेते," चाची म्हणाल्या.

पहाटेची नमाज पढून दोघं निघाले. चाची कशा बसतात हे बघायला निम्मी आळी बाहेर आली होती. तीन दिवसांनी परत आले. गाडी खरंच उभी राहिली होती, खेडच्या पुढं एका चढावर, भर उन्हात. काय झालं ते मला चाचींनी नंतर सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडं न बघता.

चीफनी डिकी उघडली. पंपाला हात लावता येईना. चाचींनी डब्याचं फडकं सोडलं, प्यायच्या पाण्यात भिजवून पंपाला गुंडाळलं. मग करायला काही नव्हतं. दोघं कडेच्या जांभ्यावर बसून राहिले.

"मी विचारलं त्यांना," चाची म्हणाल्या. "म्हटलं, ज्या दिवशी नोकरी सोडून कायमचे आलात, त्या दिवशी आधी जयगडला का गेलात?"

आखातातून आणलेली गाडी तेव्हा जयगडला होती, चीफच्या चुलत भावाच्या होड्यांच्या शेडमध्ये. चाचींनी सकाळपासून स्वयंपाक केला होता. नातेवाईक जमले होते. मुंबईहून येणारी बस कधीच येऊन गेली. चीफ संध्याकाळी आले, ते गाडी चालवत, हात काळे करून. जमलेले लोक हसले. चाचींनी त्या दिवशी बोलणं सोडलं. आळीतली तिन्ही कारणं चुकीची होती.

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"आधी उठून पंपाला हात लावून बघितला. मग म्हणाले, घरी जाऊन काय बोलायचं ते ठरवायला गेलो होतो. सगळे जमलेले असणार, तू असणार. महिनाभराची सुट्टी असली की ठाऊक असतं, किती बोलायचं. आता कायमचं बोलायचं होतं. तिथं शेडमध्ये बसून राहिलो. काही ठरेना. म्हणून गाडी चालू केली."

चाचींनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"मी म्हटलं, मला सांगायचंत. सुरुवात मी केली असती."

"मग?"

"मग काय. पंप थंड झाला, निघालो."

चाचींना खोकला सुरू झाला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात. आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग जिना चढताना धाप लागू लागली. त्या चीफना बरोबर घ्यायला तयार नव्हत्या, म्हणून डॉक्टरांकडं मी गेले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, धुरात काम असतं का?

"भाकरीपुरती चूल पेटवते," चाची म्हणाल्या.

"आणखी कुठला धूर?"

"नाही."

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. बाहेर आल्यावर रिक्षात बसताना म्हणाल्या, "घरी चुलीचं सांग. दुसरं काही सांगू नकोस."

मी चुलीचं सांगितलं. चीफनी दुसऱ्या दिवशी चूल फोडून टाकली आणि भाकऱ्या गॅसवर होऊ लागल्या. खोकला थांबला नाही. शुक्रवारी चाची पूर्वीसारख्याच गाडीच्या मागं उभ्या राहत, पदर नाकाला लावायचा म्हटलं तर वास कसा कळणार, म्हणून उघड्या नाकानं. खोकल्याची उबळ आली की शेडबाहेर जाऊन खोकून परत येत. चीफ पुढं बॉनेटखाली वाकलेले असत. त्यांना ते दिसत नाही, असं मी धरून चालले होते.

महिन्याभरात पुण्याहून एक गृहस्थ आले, जुन्या गाड्या जमवणारे. बरोबर ट्रक होता. चाची त्या सकाळी दर्ग्यावर गेल्या होत्या. चीफनी स्वतः गाडी फळ्यांवरून ट्रकमध्ये चढवली, ताडपत्री घडी करून दिली आणि त्या माणसाला अर्धा तास मिश्रणाबद्दल समजावलं. तो मान डोलावत होता. ट्रक चढ उतरून गेला तेव्हा चीफ शेडमध्येच उभे होते. रिकामी शेड एकदम मोठी वाटत होती.

"पार्ट मिळत नाहीत आता," त्यांनी मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

चाची परत आल्या. शेड पाहिली. मग जे झालं ते आळीनं कित्येक महिने आठवून सांगितलं. चाची एवढ्या बोलू शकतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला न विचारता विकलीच कशी, माझं काही आहे की नाही या घरात, पार्ट मिळत नाहीत तर आजवर कुठून मिळत होते, त्या पुण्याच्या माणसाला नाक आहे का. चीफ पायरीवर बसून ऐकत होते. मध्येच एकदा म्हणाले, "पार्ट मिळत नाहीत." त्यावर चाची पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही थोडं.

त्याच पंधरवड्यात माझ्या बदलीचा हुकूम आला, परत साताऱ्याला. सामान पुढं गेलं होतं. निघायच्या दुपारी मी निरोप घ्यायला खाली आले. चीफ मागच्या अंगणात होते. चाची ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या. त्यांचा खोकला पुष्कळ कमी झाला होता.

"चाची, आता पुरे करा," मी म्हटलं. "त्यांनी मुद्दाम नाही विकली. मला वाटतं, ते त्या डॉक्टरांकडं..."

"गेले होते," चाची म्हणाल्या. "मी औषधाला गेले तेव्हा डॉक्टरच बोलले. माझ्या मागोमाग दुसऱ्याच दिवशी गेले होते. विचारलं म्हणे, गाडीच्या धुरानं काय होतं."

"म्हणजे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं? ट्रक यायच्या आधी?"

"विकणार ते ठाऊक होतं, ट्रक कधी येणार तेही. म्हणून तर दर्ग्यावर गेले. मी असते तर त्यांना गाडी फळीवर चढवायला जमलं नसतं."

"मग एवढं भांडलात कशाला?"

चाचींनी मी खुळी असल्यासारखं माझ्याकडं पाहिलं.

"मी गप्प बसले असते तर त्यांना काय वाटलं असतं? हिला त्या गाडीचं काहीच नव्हतं, नुसती हुंगायला उभी राहायची." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "माणसानं एवढी वस्तू सोडली, तर घरात कुणीतरी तिच्यासाठी ओरडायला नको?"

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. चाचींनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, पोचल्यावर फोन कर म्हणाल्या आणि मागच्या अंगणाकडं वळल्या.

"जा तू. मला अजून थोडं बोलायचं राहिलंय त्यांना."